जुना फोन आई-बाबांच्या हाती देण्याआधी: अपडेट आणि ब्राउझर नीट करण्याची पद्धत

घरात नवा फोन आला की जुना कुणाकडे जाणार हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. मुलाचा फोन वडिलांकडे, सुनेचा सासूबाईंकडे. कॅमेरा बरा आहे, व्हॉट्सॲप उघडतं, बॅटरी दिवसभर पुरते, मग हरकत काय? हरकत अशी, की त्याच फोनवर पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं ॲप असतं, यूपीआय असतं, ओटीपीही तिथेच येतात. आणि फोन बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलकडे बघणं कधीच थांबवलेलं असतं. म्हणजे घरातला सगळ्यात कच्चा फोन नेमका त्या माणसाकडे जातो, ज्याच्या आयुष्यभराच्या बचतीचा रस्ता त्या फोनमधून जातो आणि ज्याला अडचणीत विचारायला जवळ कुणी नसतं.

हा लेख त्या फोनसाठी लिहिला आहे. तासाभराचं काम आहे. जवळ चार्जर ठेवा, वाय-फाय किंवा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट असू द्या, आणि ज्यांचा फोन आहे त्यांना शेजारी बसवून हे करा. फोन हातातून काढून घेऊन आपणच भराभर बटणं दाबली तर त्यांच्या पदरी काहीच पडत नाही.

अपडेट एका वाटेने येत नाही

सेटिंग्जमध्ये जाऊन 'सिस्टम अपडेट' दाबलं, 'तुमची सिस्टम अद्ययावत आहे' असं दिसलं, की काम झालं असा सर्वसाधारण समज आहे. त्या वाक्याचा अर्थ फक्त इतकाच, की कंपनीकडे या मॉडेलसाठी देण्यासारखं आणखी काही नाही. तीन वर्षांपूर्वी अपडेट बंद झालेल्या फोनवरही तेच वाक्य येतं. त्यामुळे त्यावर विसंबू नका.

अँड्रॉइड फोनमध्ये दुरुस्त्या चार वेगवेगळ्या वाटांनी येतात. पहिली वाट फोनच्या कंपनीची: गुगल दुरुस्ती तयार करतं, चिप बनवणारे त्यात आपला भाग घालतात, मग फोनची कंपनी ती आपल्या मॉडेलवर तपासून पाठवते. ही सगळ्यात लांबची वाट, आणि सगळ्यात आधी बंद पडते तीही हीच. दुसरी वाट 'गुगल प्ले सिस्टम अपडेट'ची. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून सिस्टमचे काही भाग गुगल थेट पाठवू शकतं, फोनच्या कंपनीची वाट न बघता. तिसरी वाट ब्राउझर आणि 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' (ॲप्सच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) यांची, प्ले स्टोअरमधून. चौथी बाकीच्या ॲप्सची, तीही प्ले स्टोअरमधूनच. एक वाट चालू आहे म्हणून दुसरी चालू असेलच असं नाही; चारही स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

याचं महत्त्व सप्टेंबर २०२३ मध्ये जे घडलं त्यावरून चांगलं कळतं. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे. ती चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये एक चूक सापडली. मुद्दाम बिघडवून तयार केलेलं चित्र फोनने नुसतं उघडलं तरी हल्लेखोराला आत शिरकाव करता येत होता, आणि त्याचा वापर प्रत्यक्षात सुरूही झाला होता. ॲपलने ७ सप्टेंबरला आयफोनसाठी अपडेट काढलं. क्रोमची दुरुस्ती ११ तारखेला आली, फायरफॉक्सची १२ तारखेला. अँड्रॉइड सिस्टममधली तीच दुरुस्ती गुगलच्या ऑक्टोबरच्या मासिक सुरक्षा पत्रकात आली, आणि तिथून पुढे प्रत्येक कंपनीने आपल्या सवडीने ती पाठवली. ज्या मॉडेलचे अपडेट बंद झाले होते त्यांच्या सिस्टमपर्यंत ती पोचलीच नाही. पण त्याच फोनवर क्रोम मात्र आठवडाभरात सुरक्षित झाला होता, प्ले स्टोअरचे अपडेट चालू असतील तर. सिस्टम जुनी असली तरी ब्राउझर ताजा ठेवण्याला एवढी किंमत आहे. वेबवरच्या अनोळखी गोष्टी फोनमध्ये येतात त्या मुख्यतः त्याच दारातून.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. दुरुस्ती जाहीर झाली की चूक नेमकी कुठे होती हे हल्लेखोरांनाही कळतं. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभरातले संगणक बंद पाडले तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती येऊन दोन महिने होत आले होते. फटका बसला तो मुख्यतः ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांना. फोनलाही हेच लागू पडतं: अपडेट निघालं आणि आपण घेतलं नाही, हा काळ सगळ्यात धोक्याचा.

पायरी १: तारीख बघा

सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते. तिथे 'सिक्युरिटी अपडेट' टाइप करा. नाहीतर 'अबाउट फोन' उघडा; मराठीत ठेवलेल्या फोनवर 'फोनबद्दल' असं दिसेल. तिथून अँड्रॉइड आवृत्तीवर किंवा 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'वर जा. तीन ओळी कागदावर उतरवून घ्या: अँड्रॉइडची आवृत्ती, सिक्युरिटी अपडेटची तारीख आणि गुगल प्ले सिस्टम अपडेटची तारीख.

माझ्या आत्याच्या फोनवर या ओळी अशा होत्या: अँड्रॉइड १०, सिक्युरिटी अपडेट १ फेब्रुवारी २०२२, प्ले सिस्टम अपडेटही जवळपास त्याच सुमाराचं. फोन चकचकीत, काचेवर एक ओरखडा नाही. बाहेरून बघून कुणीही म्हणेल, काय छान ठेवलाय!

सिक्युरिटी अपडेटची तारीख बहुधा महिन्याची १ किंवा ५ असते. १ असेल तर अँड्रॉइडच्या सामायिक भागातल्या त्या महिन्याच्या दुरुस्त्या आल्या आहेत. ५ असेल तर त्याबरोबर कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि क्वालकॉम, मीडियाटेकसारख्यांच्या चिपशी संबंधित दुरुस्त्याही आल्या आहेत. ही मासिक पद्धत गुगलने ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू केली. त्याआधीच्या महिन्यात स्टेजफ्राइट नावाची चूक उघडकीला आली होती, जिच्यात एका एमएमएसमधून आलेला व्हिडिओ फोनचा ताबा घेऊ शकत होता, तोही मालकाने काही न उघडता.

आता निकाल कसा लावायचा? माझा हिशोब असा आहे. तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर फोन ठीक. स्वस्त मॉडेलना तिमाहीच अपडेट येतात, म्हणून एखादा महिना मागे दिसला तरी घाबरू नका. सहा महिन्यांच्या पुढे गेली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन या मॉडेलला अपडेट अजून मिळतात का ते बघा. वर्ष उलटलं असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नका. आवृत्तीही बघा. गुगल दर आवृत्तीसाठी काही वर्षंच दुरुस्त्या लिहितं. अँड्रॉइड १२ साठी त्या मार्च २०२५ नंतर थांबल्या, त्याहून जुन्यांच्या त्याआधीच.

पायरी २: अडलेलं मोकळं करा

ही पायरी मार्गदर्शनांत सहसा गाळली जाते, आणि आपल्याकडच्या घरांत गाडी नेमकी इथेच अडते.

प्ले स्टोअरमध्ये ॲप आपोआप अपडेट होण्याची सोय असते. पण अनेक फोनवर ती 'फक्त वाय-फायवर' अशी लावलेली असते. गावाकडच्या घरात किंवा एकट्या राहणाऱ्या आजीकडे वाय-फाय नसतोच, सगळं सिमच्या डेटावर चालतं. मग होतं काय, की फोन कित्येक महिने वाय-फायची वाट बघत बसतो, क्रोम जुना राहतो, बँकेचं ॲप जुनं राहतं, आणि कुणालाच पत्ता नसतो. रोजच्या दीड-दोन जीबीतला उरलेला डेटा रात्री वाया जातो तो वेगळाच. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो-अपडेट ॲप्स. तिथे 'कोणत्याही नेटवर्कवर' निवडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर प्ले स्टोअरला त्यातून सूट द्या.

दुसरा अडथळा भरलेल्या जागेचा. ३२ जीबीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरची सुप्रभाताची चित्रं आणि कीर्तनांचे व्हिडिओ मिळून इतकं साठतं, की अपडेट उतरवायलाच जागा उरत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे सगळ्यात मोठ्या फायली वर दिसतात. पुसण्याआधी विचारा मात्र. नातवाचा पहिल्या पावलाचा व्हिडिओ त्यातच कुठेतरी असतो. तो आणि त्याच्यासारखे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. चार-पाच जीबी मोकळी झाली की पुरे. व्हॉट्सॲपच्या गटांत येणारं प्रत्येक चित्र आपोआप फोनमध्ये साठू नये म्हणून 'मीडिया ऑटो-डाउनलोड'ही बंद करून टाका.

तिसरा अडथळा: महिनोन् महिने बंदच न केलेला फोन. प्ले सिस्टम अपडेट उतरलेलं असलं तरी फोन रीस्टार्ट झाल्याशिवाय लागू होत नाही. आठवड्यातून एकदा, एखादा वार ठरवून, फोन बंद करून चालू करायची सवय लावा.

पायरी ३: चारही वाटांनी अपडेट घ्या

फोन चार्जरला लावा. महत्त्वाचे फोटो आणि व्हॉट्सॲपचं बॅकअप आधी घ्या. मग क्रमाने: सिस्टम अपडेट, रीस्टार्ट, त्यानंतर सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागातून गुगल प्ले सिस्टम अपडेट, पुन्हा रीस्टार्ट. एकदा अपडेट झालं की परत तपासा, कारण मागे पडलेल्या फोनला कधीकधी एकामागून एक अशी दोन-तीन अपडेट घ्यावी लागतात. सिस्टमचं अपडेट एक-दोन जीबीचं असू शकतं. सिमच्या डेटावर ते मध्येच तुटलं तर हॉटस्पॉट वापरा.

प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस', 'अपडेट ऑल'. त्यानंतर 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' हे नाव वेगळं शोधा. हे ॲप होमस्क्रीनवर दिसत नाही म्हणून विस्मरणात जातं, पण अनेक ॲप्सच्या आत जी वेबपानं उघडतात ती यावरच चालतात. अँड्रॉइड ५ येण्यापूर्वी वेबव्ह्यू सिस्टमचाच भाग होता, आणि जानेवारी २०१५ मध्ये ४.३ व त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी त्याच्या दुरुस्त्या देणार नाही असं गुगलने सांगितलं, तेव्हा कोट्यवधी फोन उघड्यावर पडले. आता तो प्ले स्टोअरमधून सुधारतो. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जीमेलसकट अनेक ॲप बंद पडत होती, तेव्हा बऱ्याच जणांनी ते अपडेट काढून टाकून काम भागवलं. तुम्हीही तसं केलं असेल आणि तेव्हापासून आपोआप अपडेट बंद राहिलं असेल, तर ते आज परत चालू करा.

आता क्रोम उघडून तीन ठिपके, सेटिंग्ज आणि सगळ्यात खाली 'अबाउट क्रोम' बघा. आवृत्तीचा पहिला आकडा महत्त्वाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं. अँड्रॉइड ८ किंवा ९ चा फोन असेल तर आकडा १३८ वर थांबलेला दिसेल आणि प्ले स्टोअर पुढचं काही देणार नाही. अँड्रॉइड ७ वर तो ११९ वर थांबतो. थांबलेला आकडा दिसला तर वर सांगितलेली तिसरी वाटही बंद झाली असं समजा. फायरफॉक्स अँड्रॉइड ८ आणि ९ वर अजून चालतो, त्यामुळे बातम्या वाचायला आणि पाककृती बघायला त्याचा आधार आहे. पण खालची सिस्टम आणि वेबव्ह्यू दोन्ही जुनी असताना नव्या ब्राउझरवर बँकेचा भार टाकू नका.

पायरी ४: ब्राउझर एकच ठेवा, नीट निवडून

फोन हातात घेतला की बऱ्याचदा चार-चार ब्राउझर सापडतात: क्रोम, फोनच्या कंपनीचा, एक 'फास्ट' नाहीतर 'मिनी' नावाचा, एक व्हिडिओ उतरवायचा. प्रत्येक जादा ब्राउझर म्हणजे अपडेट करायची आणखी एक गोष्ट, आणि जो वापरात नाही त्याच्याकडे लक्ष जात नाही.

निवडताना मी सगळ्यात आधी बघतो ते हे, की दुरुस्ती किती लवकर येते. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची अपडेट दर आठवड्याला देतो. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. क्रोममध्ये दुरुस्ती आली की त्यांनाही ती घ्यावी लागते. कुणी एक-दोन दिवसांत घेतं, कुणाला आठवडे लागतात. मधल्या काळात चूक जगजाहीर असते. फायरफॉक्सचा पाया वेगळा, गेको नावाचा, आणि तो आपली अपडेट स्वतः काढतो.

दुसरी कसोटी जाहिरातींची, आणि ज्येष्ठांच्या फोनसाठी मी तिला पहिल्याइतकंच वजन देतो. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले' हे पान कुठून येतं? बहुतेक वेळा कुठल्यातरी साध्या साइटवरच्या जाहिरातीतून. क्रोमवर मोबाइलमध्ये जाहिरात रोखणारी एक्स्टेन्शन बसत नाहीत. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन बसतं. ब्रेव्हमध्ये ही सोय आतच आहे. म्हणून माझा सल्ला असा: रोजच्या वाचनासाठी ब्रेव्ह किंवा यूब्लॉक ओरिजिन घातलेला फायरफॉक्स डिफॉल्ट करा. क्रोम काढता येत नसतो. तो अपडेट करून तसाच असू द्या, त्याच्यामुळे बिघडत नाही. बाकीचे काढून टाका, निघत नसतील ते 'डिसेबल' करा.

काही ब्राउझर टाळाच. यूसी ब्राउझर एके काळी आपल्याकडे घराघरांत होता, कारण कमी डेटात पान उघडायचं. टोरंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने मे २०१५ मध्ये दाखवून दिलं, की त्याच्या अँड्रॉइड आवृत्त्या वापरणाऱ्याची आणि फोनची ओळख पटवणारी माहिती नीट सुरक्षित न करता पाठवत होत्या. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲप्समध्ये तो होता. अजूनही एखाद्या जुन्या फोनमध्ये तो पडून असलेला दिसतो. प्ले स्टोअरवरून गेलेल्या ॲपला तिथून दुरुस्ती मिळत नाही, म्हणून दिसला की काढा. डेटा वाचवणारे काही ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडून, आटवून मग फोनकडे पाठवतात. ती सोय चालू असताना बँकेचं पान उघडू नका.

इन्कॉग्निटोबद्दल विचारणा फार होते. त्याने फोनवरचा इतिहास राहत नाही, इतकंच. फसव्या साइटपासून त्याने संरक्षण मिळत नाही.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की पान त्यांच्याच ॲपच्या आत उघडतं, तुम्ही निवडलेल्या ब्राउझरमध्ये नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या संशोधकाने दाखवलं, की अशा आतल्या ब्राउझरमध्ये ॲपला त्या पानात आपला कोड घालता येतो. तिथे पासवर्ड, कार्डाचा आकडा काहीही टाइप करू नका. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा.

पायरी ५: ब्राउझरच्या आतली तीन कामं

आत्याची तक्रार होती, "अरे, हे वरती रोज येतं बघ. व्हायरस, व्हायरस. मी काही डाउनलोड केलेलं नाही रे!" खरंच केलेलं नव्हतं. वरची पट्टी खाली ओढली तर लाल त्रिकोण, 'फोन खराब झाला आहे, लगेच साफ करा' असा मजकूर, आणि त्याच्या डोक्यावर अगदी बारीक अक्षरात क्रोमचं नाव व शेजारी एका साइटचा पत्ता. व्हायरस फोनमध्ये नव्हताच. भजनांचे शब्द शोधताना एका साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं होतं, आणि पान पुढे सरकावं म्हणून आत्याने 'अलाउ' दाबलं होतं. त्या नोटिफिकेशनवर दाबलं असतं तर पुढे 'क्लीनर' उतरवायला सांगणारं पान उघडलं असतं. खरा धोका तिथे होता.

उपाय: क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी असेल ती प्रत्येक काढा, आणि वरचा मुख्य खटकाच बंद करून टाका. ज्येष्ठांच्या फोनवर ब्राउझरच्या नोटिफिकेशनची गरज मला आजवर कुठे दिसलेली नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्येही हेच करा.

दुसरं काम: 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये सेफ ब्राउझिंग, म्हणजे धोकादायक साइटची सूचना देणारी सोय, चालू आहे ना ते बघा. तिथे 'एन्हान्स्ड' हा पर्याय असतो. त्यात भेट दिलेल्या पानांची अधिक माहिती गुगलकडे जाते, हे खरं; तरीही फसवणुकीची भीती जिथे मोठी आहे अशा फोनवर मी तो चालू ठेवतो. तिथेच 'नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा' हेही लावा.

तिसरं: बँकेच्या पानाचा पत्ता वाचायला शिकवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' (.bank.in) या खास पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सुरुवातीचं https:// सोडून, पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग याच शब्दांनी संपतो का ते बघायचं. त्याआधी किंवा नंतर कुठेतरी बँकेचं नाव दिसलं, एवढ्याने पटवून घ्यायचं नाही.

पायरी ६: बाहेरून येणाऱ्या एपीकेचं दार बंद करा

एपीके म्हणजे प्ले स्टोअर टाळून थेट ॲप बसवणारी फाईल. 'वाहतूक चलान डॉट एपीके', 'लग्नाचं निमंत्रण डॉट एपीके', बँकेचं केवायसी, 'ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा'. नावं बदलतात, पद्धत तीच. व्हॉट्सॲपवर फाईल येते, दाबली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी पलीकडे पाठवायला लागतं. इथे फोन कितीही नवा असला तरी परवानगी आपण दिली की काम झालंच. पण नवी सिस्टम अडथळे मात्र घालते. उदाहरणार्थ, अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी देता येत नाही. स्क्रीन वाचणं आणि आपल्या जागी बटणं दाबणं ज्या परवानगीने शक्य होतं ती हीच.

सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम, प्रत्येकासमोर 'नॉट अलाउड' दिसायला हवं. मग प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप शोधणारी सोय) चालू आहे का ते बघून एकदा स्कॅन करा. आणि घरच्यांना एवढं पाठ करून घ्या: अपडेट सेटिंग्जमधून नाहीतर प्ले स्टोअरमधून येतं. वेबपानावर, मेसेजमध्ये किंवा फोनवरून कुणी अपडेट करायला सांगत असेल तर ती फसवणूकच आहे.

आयफोन असेल तर

इथे गोष्ट सोपी आहे आणि थोडी कडकही. भारतात आयफोनवरचा कुठलाही ब्राउझर, क्रोम असो की फायरफॉक्स, आतून ॲपलच्या वेबकिट या इंजिनावरच चालतो. युरोपीय संघात मार्च २०२४ च्या आयओएस (आयफोनची सिस्टम) १७.४ पासून वेगळ्या इंजिनाला वाट दिली आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे ब्राउझर बदलून आयफोनची सुरक्षा फारशी बदलत नाही. वेबकिटची दुरुस्ती आयओएसबरोबर येते, म्हणून सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स हे चालू ठेवणं हेच मुख्य काम. ॲपल जुन्या फोनना बराच काळ सांभाळतं: २०१५ च्या आयफोन ६एसला मार्च २०२५ मध्येही सुरक्षेचं अपडेट मिळालं.

फोन टिकत नसेल तर

तारीख वर्षापेक्षा जुनी, क्रोमचा आकडा थांबलेला: अशा फोनवरून बँक, यूपीआय आणि मुख्य ईमेल काढा, आणि ओटीपीचं सिमही त्यात ठेवू नका. गाणी, रेडिओ, व्हिडिओ कॉलसाठी तो खुशाल वापरा. पैशांसाठी साधा बटणांचा फोन हा पर्याय मला मनापासून पटतो. मार्च २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे मुळे अशा फोनवरूनही व्यवहार होतात. ज्यांना वर्षातून दहा-बारा वेळाच पैसे पाठवायचे असतात त्यांचं काम त्यावर भागतं. लिनिएजओएससारखी, फोनच्या कंपनीबाहेरची अँड्रॉइड सिस्टम घालून जुना फोन जगवता येतो, पण बँकेची ॲप त्यावर अनेकदा चालायला नकार देतात, म्हणून आई-बाबांच्या फोनवर तो प्रयोग नको.

नवा घेणार असाल तर मेगापिक्सेलच्या आधी अपडेटची वर्षं विचारा. पिक्सेल ८ पासून गुगल आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सॅमसंग आपल्या वरच्या फोनना सात वर्षांचं आश्वासन देतात; स्वस्त मॉडेलचं ते बरंच कमी असतं. वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नव्हे. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं, पण त्याची दोन वर्षं आधीच खर्च झालेली असतात.

एपीके बसलंच असेल तर

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद झालंय ना ते बघा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाहीत. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय गोठवा, आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर पहिले तास फार मोलाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. पासवर्ड बदला ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. मग बिघडलेला फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढून थांबू नका. रीसेटच्या आधी मात्र ती फाईल ज्या चॅटमधून आली त्याचा आणि बँकेच्या मेसेजचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. तक्रार नोंदवताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम सांगावी लागते.